ग्लॅम्पिंगची वंशावळ: मेंढपाळाची गाडी, हॉप्सच्या झोपड्या आणि रेल्वेचे भंगार डबे

ग्लॅम्पिंगचा, म्हणजे पलंग-गादीसकट आरामात केलेल्या कॅम्पिंगचा, इतिहास म्हणून जे काही वाचायला मिळतं ना, त्याची सुरुवात हमखास राजेरजवाड्यांपासून होते. मुघलांचे शाही तंबू, ऑटोमन सुलतान, आणि १५२० मध्ये आठवा हेन्री फ्रान्सच्या राजाला भेटायला कॅलेजवळ गेला तेव्हाचे ते जरीचे तंबू. ऐकायला भारी वाटतं, पण हाफ टर्मला, म्हणजे शाळेच्या सत्रामधल्या सुट्टीत, पोरांना घेऊन इंग्लंडच्या डॉर्सेटला नाहीतर केंटला आपण जे बुक करतो त्याचा या मंडळींशी काडीचा संबंध नाही. शेफर्ड्स हट (मेंढपाळाची चाकांवरची खोली), हॉपर हट (हॉप्स काढणाऱ्या मजुरांची झोपडी), रेल्वेचा डबा, शेतमजुराचं कॉटेज, ही सगळी इंग्लंडमधल्या कष्टकऱ्यांची आणि त्यांच्या कामाची. मशीन आलं किंवा धंदा बसला, कामकरी माणूस गेला, आणि रिकामी पडलेली जागा सुट्टीवाल्यांच्या हाती लागली. माझ्या मते गोष्ट एवढीच आहे, पण मधले टप्पे मजेदार आहेत.

आधी शेफर्ड्स हट. एकोणिसाव्या शतकात डॉर्सेट, विल्टशायर, हॅम्पशायरच्या उघड्या टेकड्यांवर मेंढ्या विण्याच्या मोसमात मेंढपाळाला आठवडेच्या आठवडे कळपाजवळ राहावं लागायचं, त्यासाठी ही बिडाच्या चाकांची गाडी, वर पत्र्याचं गोल छप्पर. घोड्याने ओढत नेऊन ती माळावर उभी करायची, दार वाऱ्याच्या उलट्या बाजूला. आत कोपऱ्यात छोटी शेगडी, औषधांचं कपाट, आणि बऱ्याच गाड्यांत पलंगाखाली चक्क एक पिंजरा, आई मेलेल्या किंवा गारठलेल्या कोकरांना उबेत ठेवायला. दोन्ही बाजूंना खिडक्या, त्या 'व्ह्यू'साठी नाहीत, रात्री कळपावर नजर ठेवायला. आज त्याच पिंजऱ्याच्या जागी ड्रॉवर असतो आणि त्यात जादा उशा ठेवलेल्या असतात. २०१७ मध्ये माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी आत्मचरित्र लिहायला म्हणून अशी नवी कोरी गाडी साधारण २५ हजार पौंडांना घेतली, तेव्हा पेपरांनी यथेच्छ खिल्ली उडवली, पण गाडीवाल्यांची जाहिरात फुकटात झाली.

आणि ती चाकं अजून का आहेत, नुसती शोभेला? तर नाही. तिकडच्या १९६० आणि १९६८ च्या कायद्यांप्रमाणे राहण्यासाठी बनवलेली आणि ओढून किंवा ट्रकवर टाकून हलवता येणारी वस्तू ही कॅरॅव्हॅन धरली जाते. जमिनीच्या वापराची परवानगी लागतेच, पण पक्क्या बांधकामाचं झेंगट टळतं. म्हणून शेतकऱ्याला खोली बांधण्यापेक्षा गाडी उभी करणं परवडतं.

केंटची गोष्ट मात्र जास्त जवळची वाटते. बिअरला लागणाऱ्या हॉप्सची काढणी सप्टेंबरात, आणि त्यासाठी लंडनच्या ईस्ट एंडमधून हजारो कुटुंबं यायची, मुख्यतः बायका, पोरं, आज्या, आणि नवरे शनिवार-रविवारी. लंडन ब्रिज स्टेशनवरून भल्या पहाटे स्पेशल गाड्या सुटायच्या, बरोबर भांडीकुंडी, चादरी, सगळा संसार. शेतावर पत्र्याच्या नाहीतर लाकडी झोपड्यांची रांग, आत काटक्यांच्या मोळ्यांवर पेंढा भरलेली गादी, स्वयंपाक बाहेर सामायिक चुलीवर. आपल्याकडचे ऊसतोड कामगार बिऱ्हाड घेऊन कोपीत राहतात, अगदी तसं. तरी वर्षानुवर्षं तीच कुटुंबं त्याच झोपडीत यायची, भिंतींना वॉलपेपर लावायची, पडदे टांगायची, कारण धुरकट लंडनमधून बाहेर पडायची वर्षातली ही एकच संधी, आणि तीसुद्धा पैसे देऊन नाही तर कमवून. पोरांची शाळा बुडायची आणि शाळावाले वैतागायचे. आज टर्म टाइममध्ये, म्हणजे शाळा चालू असताना, पोराला फिरायला नेलं तर दर पालकामागे ८० पौंड दंड आहे, म्हणजे तो वाद पण नवा नाही.

पण हे रम्य वगैरे समजू नका. २० ऑक्टोबर १८५३ ला मजुरांना घेऊन जाणारी घोडागाडी केंटमधल्या हार्टलेकच्या लाकडी पुलाचे कठडे तोडून पुराच्या मेडवे नदीत पडली, ३० जण गेले. हॅडलोच्या चर्चच्या आवारात त्यांचं स्मारक आहे, त्याचा आकार ओस्ट हाउससारखा, म्हणजे हॉप्स वाळवायची जी भट्टी असते ना, टोकदार छपराची आणि वर वाऱ्याबरोबर फिरणारी पांढरी टोपी, तशी. १९५० नंतर काढणीची मशीनं आली, दहा-पंधरा वर्षांत मजुरांचं येणं जवळपास थांबलं. झोपड्यांत अवजारं आणि कोंबड्या गेल्या, आणि ओस्ट हाउसांची हळूहळू घरं आणि हॉलिडे लेट, म्हणजे सुट्टीपुरती भाड्याने द्यायची घरं, झाली. गोल बेडरूममध्ये कपाट कुठे लावायचं हा प्रश्न तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

खरंखुरं पहिलं ग्लॅम्पिंग कोणतं म्हणाल तर मी रेल्वेकडे बोट दाखवेन. तंबूवाले आधीपासून होते, थॉमस हायरम होल्डिंग नावाच्या शिंप्याने १९०१ मध्येच सायकलवरून कॅम्पिंग करणाऱ्यांचा क्लब काढला होता, पण ते हौशी लोक, जमिनीवर झोपणारे. १९३३ मध्ये लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने सेवेतून काढलेले दहा जुने डबे दुरुस्त करून गावाकडच्या छोट्या स्टेशनांच्या सायडिंगला, म्हणजे बाजूच्या रुळांवर, उभे केले. सहा जणांची झोपायची सोय, स्वयंपाकघर, बसायची खोली, भांडी-चादरी सगळं आत, भाडं आठवड्याला अडीच पौंड. पाणी स्टेशनवरून भरून आणायचं, संडासही स्टेशनचाच. आणि अट काय, तर ठरावीक तिकिटं काढून रेल्वेनेच यायचं, म्हणजे भंगाराचं भाडं वर तिकिटाचे पैसे! डोकं बघा. एक-दोन वर्षांत बाकीच्या रेल्वे कंपन्यांनीही तेच केलं. १९३८ चा पगारी सुट्टीचा कायदा आला आणि कामगारांना आठवडाभर पगारी रजा मिळायचा रस्ता मोकळा झाला, पण लगेच युद्ध लागलं आणि डबे बंद पडले. १९५२ ला परत सुरू झाले, मग लोकांनी मोटारी घेतल्या, तोट्यातल्या रेल्वेमार्गांना कात्री लावणाऱ्या १९६३ च्या बीचिंग रिपोर्टनंतर ती छोटी स्टेशनंच बंद पडत गेली, आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला विषय संपला. यॉर्कशायरमध्ये लेव्हिशॅम आणि गोथलंडला हेरिटेज रेल्वेने (जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या संस्थेने) असे डबे ठेवलेत, पोरं असतील तर महागड्या यर्टपेक्षा, म्हणजे गोल तंबूपेक्षा, हे बघा.

कॉटेजचं थोडक्यात सांगते. १८७० नंतर शेती मंदीत गेली, पुढे ट्रॅक्टर आले, मजूर शहरात गेले, त्यांची घरं रिकामी. १९६५ मध्ये सर जॉन स्मिथ यांच्या लँडमार्क ट्रस्टने पडक्या ऐतिहासिक इमारती वाचवून सुट्टीला भाड्याने द्यायला सुरुवात केली. १९८४ पासून सुट्टीसाठी घर देणाऱ्यांना करात वेगळी सवलत मिळू लागली. पण शेतकऱ्याला खरा धक्का २००१ च्या फेब्रुवारीत बसला, जनावरांमधली खुरकुताची साथ. साठ लाखांहून जास्त जनावरं मारावी लागली, कंब्रियात सगळ्यात वाईट हाल, पायवाटा बंद, निवडणूक महिनाभर पुढे ढकलली. तेव्हा कळलं की गावं जितकी मेंढ्यांवर तितकीच फिरायला येणाऱ्यांवर चालतात, पर्यटनाचं नुकसान शेतीपेक्षाही मोठं निघालं. 'डायव्हर्सिफाय करा', म्हणजे शेतीला जोडधंदा शोधा, हा मंत्र त्याच काळात जोरात सुरू झाला आणि कुरणांत यर्ट, पॉड (छोट्या लाकडी खोल्या), सफारी टेंट उगवले. कोविडनंतर, २०२३ च्या जुलैपासून, इंग्लंडमध्ये वेगळी प्लॅनिंग परवानगी न काढता वर्षाला ६० दिवस, जास्तीत जास्त ५० जागांची तात्पुरती कॅम्पसाइट चालवता येते.

याची दुसरी बाजू कॉर्नवॉलच्या सेंट आयव्हजमध्ये दिसली. २०१६ ला गावाने मतदान करून ठरवलं की नवीन बांधलेली घरं सेकंड होम, म्हणजे बाहेरच्यांची सुट्टीपुरती दुसरी घरं, म्हणून विकायची नाहीत, कारण कॅफेत काम करणाऱ्यांना आणि कॉटेज साफ करणाऱ्यांना गावात घरच परवडेना. एप्रिल २०२५ पासून ती १९८४ ची करसवलत रद्द झाली, आणि सेकंड होमवर दुप्पट काउन्सिल टॅक्स (घरपट्टीसारखा स्थानिक कर) लावायची मुभा काउन्सिलांना मिळाली, बऱ्याच काउन्सिलांनी ती लगेच वापरलीही.