काउंट सांगताय, पण सूत कसलं?

परवा सात रस्त्याला सिग्नलला थांबलो होतो, समोर एका डॉक्टरसाहेबांचा फ्लेक्स, ‘जगातील टॉप २ टक्के शास्त्रज्ञांमध्ये निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’ आणि खाली शुभेच्छुकांचे बाराएक फोटो. मागे पुतणी बसली होती, मेडिकलला आहे ती, म्हणाली काका, ही निवड करतं कोण?

तर निवड कोणीच करत नाही. स्टॅनफर्डचे जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपस नावाच्या डेटाबेसमधून दरवर्षी हिशोब काढतात. तुमच्या पेपरचा, म्हणजे शोधनिबंधाचा, दाखला इतरांनी किती वेळा दिला (त्यालाच सायटेशन म्हणायचं), एच-इंडेक्स किती, तुम्ही एकटे, पहिले की शेवटचे लेखक, अशा सहा गोष्टी मिळून एक आकडा बनतो. याद्या पण दोन असतात, एक आख्ख्या करिअरची आणि एक फक्त एका वर्षाची. कुठल्या यादीत नाव आलंय ते फ्लेक्सवर कधीच नसतं, हे मात्र बघून घ्या.

एच-इंडेक्स २००५ साली होर्हे हिर्श या फिजिक्सवाल्याने काढला. सोपं आहे. समजा तुमचे पाच पेपर आहेत आणि त्यांना ४०, १२, ५, ४ आणि १ अशी सायटेशन आहेत, तर निदान ४ सायटेशन असलेले पेपर ४ झाले, म्हणून एच-इंडेक्स ४. त्या ४० चे उद्या ४०० झाले तरी आकडा ४ च राहणार, आणि नुसते पेपर पाडत बसलात पण कोणी विचारलं नाही तरी ४ च. बरं डोकं लावलंय.

पण खरी गंमत हिर्शच्या त्याच पेपरात आहे. फिजिक्समध्ये तेव्हा सगळ्यात वर होते एडवर्ड विटेन, एच-इंडेक्स ११०. जीवशास्त्र-मेडिकलकडे सॉलोमन स्नायडर, १९१. मग स्नायडर विटेनपेक्षा जवळजवळ दुप्पट हुशार का? तसं काही नाही. मेडिकलकडे माणसं जास्त, जर्नलं जास्त, एकेका पेपरखाली संदर्भांची यादी लांबलचक, एका पेपरवर आठ-दहा नावं सहज असतात आणि सायटेशन त्या सगळ्यांच्या खात्यात जमा होतं. गणितवाला बिचारा एकटा नाहीतर दोघंतिघं मिळून लिहितो, आणि त्याचा दाखला पण हळूहळू, वर्षानुवर्षं येत राहतो.

आपल्याकडे हे समजायला जड जायला नको, कारण सोलापुरात सुताचा काउंट सगळ्यांना माहीत. काउंट जास्त म्हणजे सूत बारीक. पण चादर-टॉवेलला जाड, कमी काउंटचंच सूत लागतं, आणि म्हणून चादरीला कोणी साडीपेक्षा कमी दर्जाची म्हणत नाही. कसलं कापड ते आधी विचारतात, काउंट मग. त्या २ टक्केवाल्या यादीत पण शास्त्राचे १७४ पोटविभाग पाडलेत आणि २ टक्के मोजतात ते ज्याच्या त्याच्या पोटविभागातले. फ्लेक्सवर ‘जगातील’ एवढंच उरतं.

आणि काही कामं तर आपला विभाग सोडून भलतीकडेच गाजतात. कॅन्सरच्या पेपरात पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारा ग्राफ असतो, किती पेशंट किती दिवस जगले त्याचा, तो कॅप्लन-मायर ग्राफ. १९५८ चा पेपर, लिहिणारे दोघं स्टॅटिस्टिक्सवाले. त्यातले कॅप्लन बेल लॅबमध्ये व्हॅक्यूम ट्यूब किती दिवस टिकतात याचा हिशोब करत होते! आज त्या पेपरची सायटेशन हजारोंनी आहेत आणि देणारे बहुतेक डॉक्टर लोक.

शिवाय सायटेशन म्हणजे शाबासकी असं पण नाही. वेकफिल्डचा गोवरच्या लशीचा संबंध ऑटिझमशी लावणारा १९९८ चा पेपर लॅन्सेट या मेडिकल जर्नलने २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्याचा दाखला हजारावर वेळा दिलाय आणि त्यातले बरेचसे ‘हे चूक होतं’ असं सांगायला. मोजणाऱ्या कॉम्प्युटरला शिवी काय आणि ओवी काय, एकच.

उलटी बाजू बघायची तर कोलकात्याचे शंभूनाथ डे. कॉलराचे जंतू गाळून काढले आणि नुसतं गाळलेलं पाणी सशाच्या आतड्यात घातलं, तरी आतडं पाण्याने फुगलं. म्हणजे जंतू एक विष सोडतो आणि खेळ त्या विषाचा आहे, हे त्यांनी १९५९ मध्ये नेचर या जर्नलमध्ये छापलं. पहिली काही वर्षं त्याकडे फारसं कोणी बघितलं नाही. तेव्हा कोणी एच-इंडेक्स काढला असता तर या कामामुळे तो तसूभर हलला नसता. १९७८ ला नोबेल सिम्पोझियमला, म्हणजे नोबेलवाल्यांच्या परिषदेला, बोलावणं आलं, तोवर डे रिटायर होऊन पाच वर्षं झाली होती. १९८५ ला ते गेले, आणि दुसऱ्या वर्षी त्यांच्यावर मोठा लेख लिहिला तो युजीन गारफिल्डने, म्हणजे १९६४ पासून सायटेशन मोजायचं दुकान ज्याने थाटलं त्यानेच.

पुतणीला हे सगळं सांगेपर्यंत सिग्नल दोनदा सुटला होता आणि मागचा रिक्षावाला हॉर्नवरचा हात काढत नव्हता.