बिल्ट-इन कॉफी मशीन : हीटरचे दोष व दुरुस्ती

किचनच्या उंच कपाटात बसवलेल्या कॉफी मशीनमध्ये पाणी तापवणारा भाग बिघडला तर दोष कसा शोधायचा आणि काय बदलायचं, हा या नोंदीचा विषय. मुळात दाबाने झटपट कॉफी काढणाऱ्या एस्प्रेसो यंत्रांचा जनक कोण यावर वाद आहे. तुरीनच्या आंजेलो मोरिओन्दोचं पेटंट १८८४ चं, पण त्याचं यंत्र एकदम बरीच कॉफी काढायचं, एकेक कप काढणारं यंत्र मिलानच्या लुइजी बेझेराने १९०१ च्या सुमारास आणलं म्हणून बरेच अभ्यासक मान त्याला देतात, आणि ते जास्त पटतं. हीटरपुरतं बोलायचं तर दोघंही बॉयलरवालेच, म्हणजे पाणी बंद टाकीत तापवणारे.

आजच्या घरगुती मशीनमध्ये बहुधा थर्मोब्लॉक असतो : ॲल्युमिनियमच्या ओतीव ठोकळ्यात एलिमेंट (विजेने तापणारा भाग) आणि पाण्याची नळी, पाणी सरकता सरकता तापतं.

हीटर बिघडल्याची लक्षणं : कॉफी गार येते, स्टीम येत नाही किंवा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडतो. प्लग काढून, थंड झाल्यावर मशीन बाहेर ओढायचं, हीटरच्या वायर सोडवून मल्टिमीटर लावायचा. २३० व्होल्टवर १४०० वॅटच्या हीटरचा रेझिस्टन्स साधारण ३८ ओहम यायला हवा, सर्किट ओपन दाखवलं तर एलिमेंट गेलं. बॉडी आणि हीटरमध्ये मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) लीकेजही, म्हणजे वीज गळते का, बघायचं, कारण बरेच दिवस बंद मशीनच्या एलिमेंटमध्ये ओलावा शिरून तात्पुरतं लीकेज येऊ शकतं.

हीटर बंद पडण्यामागचं कारण काय, यावर मतभेद आहेत. काही मेकॅनिक सगळा दोष क्षाराला देतात, आणि कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं म्हणून ते ब्लॉकच्या नळीतच साचतं हे खरंच आहे, बोअरवेलच्या पाण्यावर तर हमखास. पण हीटर शाबूत असून त्याच्याशी सिरीजमध्ये असलेला थर्मल फ्यूज (फार तापलं की वीज कायमची तोडणारा) उडालेला सापडणंही नेहमीचंच, त्यामुळे आधी फ्यूज तपासलेला बरा. फ्यूज का उडाला हे मात्र शोधावंच लागतं : हीटरची वीज चालू-बंद करणाऱ्या रिलेचे काँटॅक्ट चिकटलेत, त्याच कामाचा इलेक्ट्रॉनिक स्विच म्हणजे ट्रायक शॉर्ट आहे, पंप पाणी देत नाही, की तापमानाचा एनटीसी सेन्सर चुकीचं सांगतोय. एनटीसीचा रेझिस्टन्स तापल्यावर कमी व्हायला हवा, नेमके आकडे मॉडेलनुसार बदलतात.

नवा फ्यूज त्याच तापमानाचा आणि त्याच अँपियरचा घ्यायचा, आणि सोल्डर न करता क्रिंप करायचा (धातूची कडी दाबून जोडायचा), नाहीतर सोल्डरिंगच्या उष्णतेनेच तो उडतो. एलिमेंट ओतीव ब्लॉकमध्ये असेल तर वेगळं निघत नाही, ओ-रिंगांसकट (सांध्यातल्या रबरी कड्यांसकट) अख्खा ब्लॉकच बदलतात.