बॅस्टियन कशाचा, बुलवर्क कशापासून?

इंग्रजी मजकुरात 'बॅस्टियन' दिसला की आपण सवयीनं 'बालेकिल्ला' लिहून मोकळे होतो, आणि 'बुलवर्क' आलं तरी हात तिकडेच वळतो. मला हे खटकतं. बालेकिल्ला गडाच्या पोटात असतो, सगळ्यात शेवटी पडतो. बॅस्टियन तटातून बाहेर, थेट शत्रूच्या अंगावर आलेला असतो.

बॅस्टियन म्हणजे टोकदार बुरूज. हे टोक शोभेचं नाही. गोल बुरुजाच्या गोलाईसमोर, पायथ्याशी, जमिनीचा एक तुकडा असा उरतो की शेजारच्या बुरुजांवरून तिथे मारा पोचत नाही. शत्रूनं तेवढी जागा गाठली की निवांत सुरुंग पेरायचा. 1494 मध्ये फ्रान्सचा आठवा चार्ल्स तोफा घेऊन इटलीत उतरला, तेव्हा जुन्या उंच, सडपातळ भिंतींचं काही खरं नाही हे उघड झालं. पुढच्या काही दशकांत तिथल्या स्थपतींनी तट ठेंगणे आणि जाडजूड केले, बुरुजाला बाणाच्या टोकाचा आकार दिला. आता त्याच्या दोन्ही सरळ बाजू शेजारच्या बुरुजांवरून पुरत्या माऱ्यात आल्या. म्हणजे बॅस्टियन एकटा लढतच नाही, प्रत्येकाचा पायथा शेजारी राखतो! 1593 मध्ये उभारायला घेतलेल्या पाल्मानोव्हा या इटलीतल्या तटबंद शहराचा नकाशा पाहा: नऊ टोकांची चांदणी.

बुलवर्क याहून साधं. डच-जर्मन वळणाच्या या शब्दात 'ओंडका' किंवा 'फळी' आणि 'काम' असे दोन तुकडे आहेत. ओंडके रचायचे, माती भरायची, की झाला तट. तोफगोळा दगडाच्या ढलप्या उडवतो, मातीत मात्र रुतून बसतो. हाच शब्द फ्रेंचमध्ये 'बुलवार' झाला. चौदाव्या लुईनं 1670 मध्ये पॅरिसचे तट पाडायला घेतले, त्या जागी झाडांचे रुंद रस्ते झाले आणि तटाचं नाव रस्त्याला चिकटलं. जहाजाच्या डेकभोवती उभ्या असलेल्या कठड्यालाही बुलवर्कच म्हणतात. तिथे ना तोफ, ना शिपाई. लाट अडवायची, एवढंच काम.

म्हणून इंग्रजीत बॅस्टियन बहुधा 'कशाचा' ते सांगतात, बुलवर्क 'कशाविरुद्ध'. जुन्या परंपरेचा बॅस्टियन असेल तर मी 'बुरूज' लिहीन, फार तर 'गड'. हुकूमशाहीविरुद्धचं बुलवर्क असेल तर 'बांध'.