वेल्श भाषाशिक्षण, सक्तीच्या शालेय वयानंतरचे : निधिव्यवस्था

ब्रिटनचा भाग असलेल्या वेल्समधील सरकारी शाळांत वयाच्या १६ व्या वर्षापर्यंत प्रत्येक मुलाला वेल्श शिकावीच लागते. त्यापुढे सक्ती नाही. शाळेचे वरचे वर्ग, व्यवसायशिक्षण देणारी महाविद्यालये, शिकाऊ उमेदवारी, विद्यापीठे आणि प्रौढांचे वर्ग येथे वेल्श शिकण्यासाठी किंवा इतर विषय वेल्शमधून शिकण्यासाठी सार्वजनिक पैसा पुरवण्याची ही व्यवस्था आहे. शिक्षण हा विषय लंडनच्या संसदेने १९९९ पासून वेल्सकडे सोपवलेला असल्याने हा खर्च मुख्यतः वेल्श सरकार करते.

भाषेला खरी गळती लागते ती याच वयात. वेल्श माध्यमातून शिकलेला मुलगा मोटारदुरुस्तीच्या अभ्यासक्रमाला जातो. तिथे हत्यारांची नावे, कामाची नोंदवही, परीक्षेचा अर्ज असे सगळे बहुधा इंग्रजीत असते. भाषा त्याला येत असतेच, पण कामाच्या ठिकाणी ती त्याच्या तोंडी बसत नाही. २०२१ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे सुमारे ५,३८,००० म्हणजे १७.८ टक्के भरले. २०११ मध्ये ते १९ टक्के होते. २०१७ मध्ये सरकारने २०५० पर्यंत दहा लाख भाषकांचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. एकट्या शाळांच्या बळावर ते गाठता येणार नाही.

पैशाचे गणित अवघड होते ते लहान तुकड्यांमुळे. समजा, एखादा विषय इंग्रजीतून शिकणारे वीस जण आहेत आणि वेल्शमधून शिकणारे चौघे. शिक्षक दोन्हीकडे एकेकच लागतो. वेल्श तुकडीसाठी पाठ्यसाहित्य आणि परीक्षक मात्र वेगळे शोधावे लागतात. विद्यार्थ्यांची डोकी मोजून अनुदान दिले तर अशी तुकडी पहिल्याच वर्षी बंद पडेल. म्हणून सोळा वर्षांपुढील शिक्षणाच्या निधिसूत्रात वेल्श वा द्विभाषिक अध्यापनासाठी वाढीव रक्कम धरलेली असते.

उच्च शिक्षणात हे काम २०११ मध्ये स्थापन झालेले ‘कोलेग कमराइग केनेडलाइथोल’ हे राष्ट्रीय वेल्श महाविद्यालय करते. त्याला स्वतःचे वर्ग नाहीत. ते विद्यापीठांना वेल्शमधून शिकवणाऱ्या अध्यापकांच्या पदांसाठी अनुदान देते, संशोधकांना शिष्यवृत्त्या देते आणि सामायिक अध्ययनसाहित्य तयार करवून घेते. वर्षाला किमान ४० श्रेयांक, म्हणजे वर्षभराच्या अभ्यासाचा सुमारे तिसरा हिस्सा, वेल्शमधून घेणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यासाठी ५०० पौंडांची प्रोत्साहन शिष्यवृत्ती आहे. तीन वर्षांच्या पदवीला ती १,५०० पौंड होते. शिष्यवृत्तीची चर्चा अधिक होते, पण मोलाची आहेत ती अध्यापकपदे. शिकवणाराच नसेल तर शिष्यवृत्ती घेऊन विद्यार्थी बसणार कोणत्या वर्गात?

पुढे व्यवसायशिक्षण आणि शिकाऊ उमेदवारीची जबाबदारीही याच संस्थेकडे आली. २०१८ च्या कृतियोजनेत आरोग्य व समाजसेवा, बालसंगोपन, सार्वजनिक सेवा आणि शेती यांना अग्रक्रम मिळाला. ही निवड अतिशय योग्य होती. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांची नंतर शिकलेली इंग्रजी अनेकदा आधी निसटते आणि लहानपणची वेल्श तेवढी उरते. दुखते कुठे, हे अशा आजीला आपल्या भाषेत सांगता येणे हा उपचाराचाच भाग आहे. रुग्णाला मागावी न लागता वेल्शमधून सेवा मिळावी, हे धोरण आरोग्यखात्याने २०१२ मध्येच स्वीकारले होते. ते पाळायचे तर वेल्शमधून प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका आणि सेविका हव्यात.

प्रौढांच्या वर्गांचा इतिहास जुना आहे. इस्रायलमध्ये नव्याने येणाऱ्यांना हिब्रू शिकवण्याच्या ‘उलपान’ पद्धतीवर बेतलेला सघन अभ्यासक्रम १९७३ मध्ये कार्डिफ येथे सुरू झाला. वायव्य वेल्समधील लिन द्वीपकल्पावरचे नान्त ग्वर्थेइर्न हे दगडखाणीचे ओसाड पडलेले गाव १९७८ मध्ये एका न्यासाने विकत घेतले आणि तिथे निवासी भाषाकेंद्र उभे केले. अशा विखुरलेल्या प्रयत्नांना २००६ मध्ये सहा प्रादेशिक केंद्रांची चौकट मिळाली. २०१६ मध्ये राष्ट्रीय वेल्श अध्ययन केंद्र आले. ते निधी वाटते, आणि देशभर एकच अभ्यासक्रम व एकच पायऱ्या राखते. मालकांनी कर्मचाऱ्यांना कामापुरती वेल्श शिकवावी यासाठी २०१७ पासून वेगळी योजना आहे. सप्टेंबर २०२२ पासून १८ ते २५ वयोगटाला आणि शिक्षकवर्गाला या केंद्राचे वर्ग मोफत झाले. शाळेत वेल्श कच्ची राहिलेल्या तरुणांसाठी ती दुसरी संधी आहे.

१ ऑगस्ट २०२४ पासून विद्यापीठे, महाविद्यालये, शिकाऊ उमेदवारी आणि प्रौढशिक्षण यांचा निधी ‘मेदर’ या एकाच आयोगाकडे आला. २०२२ च्या कायद्याने वेल्शमधून मिळणाऱ्या शिक्षणाला चालना देणे हे त्याचे कर्तव्य ठरवले आहे. जुलै २०२५ मध्ये राजसंमती मिळालेल्या वेल्श भाषा व शिक्षण कायद्यात सर्व वयोगटांसाठी राष्ट्रीय वेल्श अध्ययन संस्था उभारण्याची तरतूद आहे. वेल्शमधून वीजजोडणी किंवा पशुपालन शिकवू शकणारे प्रशिक्षक मात्र अजून अपुरे आहेत. ते घडवायला वर्षे लागतात, आणि अनुदान बहुधा वर्षावर्षाच्या अंदाजपत्रकातून येते.