सातारच्या डोंगरवाटा : ‘या’ म्हणण्यापासून ‘आता नको’पर्यंत

गेल्या सप्टेंबरातल्या एका रविवारी सकाळी मी संस्थेच्या फोनवरून एकच वाक्य पुन्हा पुन्हा पाठवत होतो : ‘आज येऊ नका.’ डोंगरवाटा राखायच्या आणि लोकांना डोंगराची गोडी लावायची म्हणून काढलेली ही संस्था. तिच्या प्रसिद्धीचं काम बघणारा माणूसच लोकांना घरी बसवतोय, हे बाहेरच्याला चमत्कारिक वाटेल. सातारकराला वाटणार नाही. पण ही वेळ कशी आली ते कळायला जरा मागं जावं लागतं.

अमेरिकेत अपालाचियन ट्रेल सांभाळणारी संस्था १९२५ साली स्थापन झाली आणि ती लांबलचक वाट सलग पूर्ण झाली १९३७ साली. म्हणजे संस्था आधी, वाट नंतर. तिथे लोकांना सांगण्या-बोलावण्याचं काम पहिल्या दिवसापासूनच होतं, कारण त्याशिवाय वाट झालीच नसती. आपल्याकडे सगळं उलटं. घाटवाटा, पाऊलवाटा, गडाच्या पायऱ्या शेकडो वर्षांपासून आहेत. संस्था कालपरवाच्या.

आणि माणसं जमवायला इथे पत्रक लागतच नव्हतं. पंचांग पुरायचं. श्रावणी सोमवारी यवतेश्वर नाहीतर पाटेश्वर, श्रावणी शनिवारी जरंडेश्वर, माघ वद्य नवमीला दासनवमी म्हणून सज्जनगड. चैत्रात शिखर शिंगणापूरला कावडी मुंगी घाटातून वर चढतात. त्या उभ्या चढणीवर माणसांची साखळी लागते, वरचा खालच्याला हात देतो आणि कावड हातोहात वर जाते. त्याचं नियोजन कुणी कागदावर केलेलं नसतं. कोणी कुठं उभं राहायचं हे ज्याला त्याला घरातूनच ठाऊक असतं. प्रसिद्धीचं काम करणाऱ्याला असं काही बघितलं की आपल्या सगळ्या पोस्टरांची लाज वाटते.

डोंगराची छापील माहिती आली ती इंग्रजांच्या काळात, आणि ती आपल्यासाठी नव्हती. १८२४ साली लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी महाबळेश्वरच्या पठारावर चढून आला. १८२८ च्या सुमारास गव्हर्नर जॉन माल्कमनं छत्रपती प्रतापसिंहांशी बोलणी करून तिथे थंड हवेचं ठाणं वसवलं. मग कड्याकड्याला नावं पडली : आर्थर सीट, एल्फिन्स्टन पॉइंट, माल्कमच्या मुलीच्या नावानं केट्स पॉइंट. गावकऱ्यांची जुनी नावं मागं पडली आणि ‘पॉइंट’ हा शब्द मात्र इतका मुरला, की आज जावळीतला पोरगाही पाहुण्याला ‘पॉइंट दाखवतो’ म्हणतो. १८८५ च्या साताऱ्याच्या गॅझेटियरमध्ये जिल्ह्यातल्या किल्ल्यांची वर्णनं आहेत, पण तीही साहेबाच्या भाषेत, साहेबाच्या सोयीनं.

मराठीत ‘अमुक वारी अमुक गडावर चला’ असं आवतण द्यायची रीत रुळली ती हौशी भटक्यांच्या मंडळांमुळे. मी ऐकलेलं आणि थोडंफार पाहिलेलं साताऱ्यातलं चित्र असं : राजवाड्याजवळच्या एका दुकानाबाहेर फळा, त्यावर खडूनं ‘रविवारी ठोसेघर ते सज्जनगड. पहाटे साडेपाचला एसटी स्टँड. डबा आपापला.’ बाहेरगावच्या मंडळींना पंधरा पैशांचं पोस्टकार्ड. खडूनं लिहिलेलं पावसानं पुसलं तर आले तेवढे आले. सात माणसं जमली की मोहीम जोरात झाली म्हणायचे. त्या काळी अडचण एकच होती, माणसं कमी पडायची.

तिकडे कोयना खोऱ्यातल्या वासोटा किल्ल्याची वाटच पालटली. कोयना धरण झालं, धरणाचा शिवसागर जलाशय भरला, खोऱ्यातली गावं आणि त्यांच्या पाऊलवाटा पाण्याखाली गेल्या. १९८५ साली कोयना अभयारण्य झालं आणि २०१० साली चांदोलीसह ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात गेलं. पूर्वी वासोट्याला जाणारा ‘वाट कुठून आहे?’ असं विचारायचा. आता तो बामणोलीची बोट कधी सुटते, परवानगी कुठे काढायची, किती वाजेपर्यंत परतायचं हे विचारतो. वर मुक्कामाला मनाई, पावसाळ्यात वाट बंद. पायथ्याला वनखात्याचे लोक पिशव्या उघडून पाण्याच्या बाटल्या मोजतात, अनामत घेतात आणि उतरल्यावर पुन्हा मोजतात. माझ्या मते आपल्या जिल्ह्यातलं कचऱ्याबद्दलचं सगळ्यात परिणामकारक प्रबोधन हेच. एकही घोषणा नाही, नुसती मोजणी.

मग आलं २०१२. पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली, त्यात आपलं कास पठार. तोवर कास म्हणजे साताऱ्याला पाणी देणारा तलाव आणि वनस्पतीवाल्यांची हक्काची जागा. सातारकर तिकडे सहज फिरायला जायचे, सीतेची आसवं, गेंद, तेरडा बघायचे आणि टोपली कारवी सात वर्षांनी फुलते म्हणून बोटांवर वर्षं मोजायचे. वारशाची बातमी आली आणि दोन-तीन हंगामांत कासकडे जाणाऱ्या यवतेश्वरच्या घाटात गाड्यांची रांग लागली. फुलांमध्ये झोपून फोटो काढणारे आले. वनखातं आणि आसपासच्या गावांच्या समितीनं तिकीट लावलं, ऑनलाइन बुकिंग आणलं, दिवसाला ३००० ची मर्यादा घातली. कुंपण घातलं. त्यानं गुरांची चराई थांबली, गवत माजलं, फुलांवरच परिणाम होतोय अशी ओरड झाली आणि अखेर कुंपण काढावं लागलं.

आमच्यासारख्यांचं काम तेव्हापासून बदललं. तोवर आम्हीही ‘या, बघा, आपला डोंगर’ हेच लिहीत होतो. व्हॉट्सअॅपच्या एका ग्रुपात २५६ च माणसं मावायची तेव्हा एक, दोन, तीन असे नंबर घालून आम्ही ग्रुप काढले आणि ते भरले की छाती फुगायची. त्याच भरात मी एक चूक केली. कासच्या पलीकडच्या अंगाला एका कड्यावरून खालचं पाणी सुंदर दिसतं. तिथला फोटो मी जागेच्या पिनसकट टाकला. पुढच्या रविवारी त्या वाटेवर इतक्या गाड्या आल्या की वळवायला जागा उरली नाही, म्हणून लोकांनी गाड्या बांधावरून एका आज्जींच्या शेतात घातल्या. मंगळवारी आम्ही माफी मागायला गेलो. आज्जी ओट्यावर बसून होत्या. चिडल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या, “तुमच्या त्या फोटूपायी माझी नाचणी झोपली की रं.” त्या दिवसापासून आमच्या फोटोंना पिन नसते.

गावांशी कसं बोलावं हे आम्हाला दुष्काळी पट्ट्यानं शिकवलं. २०१६ च्या वॉटर कप स्पर्धेत, म्हणजे गावांनी श्रमदानानं पाणी अडवायच्या चढाओढीत, कोरेगाव तालुक्यातलं वेळू पहिलं आलं. पुढं एक मेच्या महाश्रमदानाला शहरातली माणसं जलमित्र म्हणून नोंदणी करून माण-खटावकडे निघाली. तिथलं आवतण बघण्यासारखं असायचं : गावाचं नाव, पोचायची वेळ, कुदळी-घमेली गावात मिळतील की आणायची, जेवण कोण देणार. उपदेश शून्य. वाट दुरुस्तीच्या दिवसाचा निरोप आम्ही तसाच लिहायला लागलो. वणव्याच्या दिवसांत तर शहरातल्या ग्रुपवर लिहून उपयोगच नसतो. जाळरेषा, म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढायच्या तर ग्रामसभेत बसावं लागतं, शाळेची प्रभातफेरी काढावी लागते, भजनी मंडळाचा स्पीकर पाच मिनिटं मागून घ्यावा लागतो. गवत पेटवलं की पुढच्या साली जोमानं येतं असं ज्याचं ठाम मत आहे, त्याच्याशी चहा पिऊनच बोलावं लागतं.

कागदी बाजूही वाढली. २०१८ साली साहसी सहलींसाठी शासनाचा सुरक्षा निर्णय आला, २०२१ साली साहसी पर्यटनाचं धोरण. तेव्हापासून मोहिमेच्या सूचनेत प्रथमोपचार, विमा, जबाबदार माणसाचं नाव हे सगळं येतं आणि फळ्यावरच्या तीन ओळींचं दीड पान होतं. वाचत कुणी नाही, पण लिहावं लागतं.

आता जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थळांचे बारा किल्ले वारसा यादीत गेले, त्यात प्रतापगड आहे. कासचं जे झालं ते आठवून आमच्या बैठकीत पेढे वाटण्याआधी कुणीतरी विचारलं, “गाड्या कुठं लावणार?” हसलो सगळे, मग पेढेही खाल्ले.

त्या कड्याच्या वाटेचं मात्र आमचं ठरलेलं आहे. दरवर्षी पाऊस ओसरला की मी आज्जींना फोन करतो. गेल्या वेळी म्हणाल्या, “नाचणी अजून उभी हाय. निघाली की नातवाला मिस्कॉल द्यायला लावते.” मिस्कॉल आला दिवाळीनंतर. मग आम्ही सूचना टाकली : बारा माणसं, गाड्या गावाबाहेर, डबा आपापला.