छोट्या झेडपी शाळेवरचा ‘एवढा खर्च’ जातो कुठे?

‘दहा-बारा पोरं, दोन गुरुजी, एका मुलामागे लाखभर खर्च, एवढ्यात खासगी शाळेची फी भरून होईल!’ गावोगावी हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. भागाकार चुकीचा नसेल, पण त्यातून काढलेला अर्थ साफ चुकीचा आहे.

तो आकडा जवळजवळ सगळा पगाराचा असतो, आणि पगार शिक्षकाच्या खात्यात जातो. शाळेच्या हातात काय येतं? समग्र शिक्षा अभियान या सरकारी शालेय योजनेच्या निकषानुसार तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान १०,००० रुपये. म्हणजे महिन्याला साडेआठशेसुद्धा नाहीत. खडू, किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, वीजबिल, सगळं त्यातच बसवायचं. पट शंभराच्या पुढे गेला की हेच अनुदान ५०,००० होतं. पण छप्पर दोन्हीकडे सारखंच गळतं.

दोन शिक्षक ही चैनही नव्हे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत किमान दोन शिक्षक ठरवून दिले आहेत. चार-पाच इयत्ता एकत्र शिकवणं किती अवघड, हे वर्गात बसल्याशिवाय कळत नाही.

राहिली गुणवत्ता. ग्रामीण मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत २०१८ साली ग्रामीण महाराष्ट्रातल्या सरकारी शाळांमधली पाचवीची मुलं वाचनात खासगी शाळांच्या जवळपास बरोबरीने होती. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळालेले रणजितसिंह डिसले सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतच शिकवत होते. पट कमी म्हणून शिक्षण कमी, असं ठरवून शाळा बंद केली, तर वस्तीवरच्या सहा वर्षांच्या मुलीने ओढा ओलांडून जायचं कुठे?