निळी पूररेषा आणि लाल पूररेषा: नदीकाठी घर घेताना होणारी गफलत

नदीकाठच्या स्कीममध्ये फ्लॅट बघायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं: "काळजी करू नका, आपण ब्लू लाइनच्या बाहेर आहोत." ऐकणाऱ्याला हायसं वाटतं. पण बांधकामाला मनाई असते ती या निळ्या पूररेषेच्या आत. निळी आणि तिच्या पलीकडची, आणखी मोठ्या पुराची लाल रेषा यांच्या मधल्या पट्ट्यात अटी पाळून रीतसर परवानगी मिळते. त्यामुळे "ब्लू लाइनच्या बाहेर" असलेली इमारत मोठ्या पुराच्या पाण्यात उभी असू शकते, आणि तरीही तिची सगळी कागदपत्रं चोख असू शकतात.

दोन्ही रेषा जलसंपदा विभाग आखून देतो आणि महापालिका त्या विकास आराखड्यावर उतरवून घेते. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, किंवा नदीपात्रात मावणाऱ्या पाण्याच्या दीडपट विसर्ग, यांपैकी जो जास्त असेल त्याचं पाणी जिथवर पोचतं ती निळी रेषा. लाल रेषेला हिशोब १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचा. नदीवर धरण असेल तर सांडव्यावरून सुटू शकणारं कमाल पाणी आणि धरणाच्या खालच्या पाणलोटातून येणारं पाणी यांची बेरीजही बघतात. नदीपासून निळ्या रेषेपर्यंत निषिद्ध क्षेत्र, तिथून लाल रेषेपर्यंत नियंत्रित क्षेत्र.

मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला डिसेंबर २०२० पासून जी एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात ती, तिच्यात निषिद्ध क्षेत्रात बाग, मोकळं पार्किंग, ओट्यांची भाजी मंडई, स्मशानभूमी, मैलापाणी शुद्धीकरण केंद्र अशा गोष्टी चालतात. नवीन घरं नाहीत. एक पळवाट मात्र आहे, आणि ती मला मोठी वाटते. आधीपासून अधिकृत असलेल्या इमारतींचा पुनर्विकास निळ्या रेषेच्या आतही करता येतो. त्यासाठी बांधकामाची पातळी लाल रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर हवी आणि जलसंपदा विभागाचा ना-हरकत दाखला हवा. नियंत्रित क्षेत्रात नव्या बांधकामालाही हीच ०.४५ मीटरची अट आहे, म्हणजे साधारण दीड फूट.

या दीड फुटानं काय वाचतं ते नीट बघायला हवं. तुमची फरशी वाचते. पण इमारतीखालचं पार्किंग, लिफ्टचा खड्डा, पिण्याच्या पाण्याची जमिनीतली टाकी, आणि कधीकधी विजेच्या मीटरची खोलीसुद्धा, हे सगळं त्या पातळीच्या खाली असू शकतं. सोसायटीच्या फाटकाबाहेरचा रस्ताही बहुधा असतो. तिसऱ्या मजल्यावरचं घर कोरडं, पण वीज नाही, लिफ्ट नाही, टाकीत गढूळ पाणी, आणि घरातल्या आजारी माणसाला खाली आणायचं तर होडीशिवाय मार्ग नाही. नियम पाळलेल्या इमारतीचीही मोठ्या पुरात ही गत होऊ शकते. नियमावलीत विचार जोत्याचा होतो. तिथून बाहेर पडायच्या वाटेचा तितक्या काटेकोरपणे होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता वर्षांकडे वळू, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. "२५ वर्षांचा पूर" म्हटलं की आत्ताच येऊन गेला, आता २५ वर्षं निवांत, असं लोक धरून चालतात. त्या आकड्याचा अर्थ एवढाच की कुठल्याही एका वर्षी असा पूर येण्याची शक्यता १०० त ४ असते. लाल रेषेसाठी १०० त १. यंदा पूर आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही. २० वर्षांच्या गृहकर्जाचा हिशोब करा: हप्ते फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंतचं पाणी निदान एकदा येण्याची शक्यता ५६ टक्के आणि लाल रेषेपर्यंतचं सुमारे १८ टक्के. नदीकाठी घर घेणाऱ्या प्रत्येकाला हे दोन आकडे करारावर सही करण्याआधी कोणीतरी सांगायला हवेत. मोठे पूर लागोपाठही येतात: कोल्हापुरात २०१९ मध्ये पंचगंगा नदी राजाराम बंधाऱ्यापाशी, जिथे तिची पातळी मोजतात, ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ मध्ये पुन्हा गेली.

कोल्हापूर-सांगलीकडे आणखी एक घोळ होतो. तिथे "इशारा पातळी" आणि "धोका पातळी" सगळ्यांच्या तोंडी असते. राजाराम बंधाऱ्यावर ती ३९ आणि ४३ फूट. या पातळ्या त्या दिवशीच्या पुरासाठी, कधी सावध व्हायचं आणि कधी घर सोडायचं यासाठी. पूररेषा नगररचनेसाठी. इशारा म्हणजे निळी आणि धोका म्हणजे लाल, अशी जोडी लावू नये.

पुण्यात मुठा नदीची निळी रेषा सुमारे ६० हजार क्युसेकला (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी) आणि लाल रेषा सुमारे १ लाख क्युसेकला धरली जाते. २५ जुलै २०२४ ला खडकवासला धरणातून सुटलेलं पाणी साधारण ३५ हजार क्युसेक होतं, आणि तेवढ्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत माणसं होड्यांतून बाहेर काढावी लागली. रेषा चुकली का, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. पण रेषा ही बाहेरची कड असते. तिच्या आत, पात्राला लागून असलेली सखल जागा २५ वर्षांची वाट बघत नाही. तिथे निम्म्या विसर्गालाही पाणी शिरतं. मुठेच्या पात्रातला बुटका भिडे पूल जवळपास दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो तो त्याच कारणानं. शिवाय रेषा आखताना पात्र जेवढं रुंद आणि खोल मोजलं, तेवढं ते पुढे राहिलं तरच ती खरी. काठावर राडारोड्याच्या गाड्या रिकाम्या होत राहिल्या तर पाणी तेवढंच असूनही त्याची पातळी चढते, आणि चढलेलं पाणी भराव घालणाऱ्याच्या प्लॉटवर न जाता समोरच्या काठावरच्या वस्तीत शिरतं. मला हा उघड अन्याय वाटतो.

ओढ्यानाल्यांची गोष्ट वेगळीच. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्यानं माणसं नेली, भिंती पाडल्या. तिथे नदीच्या पूररेषेचा नकाशा बघून काहीच कळलं नसतं. दोन्ही रेषांच्या बाहेर असणं म्हणजे पुरापासून सुटका, असं म्हणूनच धरू नये.

सातबाऱ्यावर पूररेषा दिसत नाही. त्यासाठी महापालिकेतून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला (जमीन आराखड्यात कुठल्या क्षेत्रात येते ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा नकाशा काढावा लागतो. जलसंपदा विभागानं रेषा बदलली की नियमावलीनुसार ती बदललेलीच धरायची असते, म्हणून पाच-सात वर्षांपूर्वीच्या दाखल्यावर विसंबू नका. पूररेषा ही मुळात समुद्रसपाटीपासूनची उंची असते. कागदावरची रेघ ही त्या उंचीला पाणी कुठवर टेकेल याची खूण. म्हणून बिल्डरला "आपण लाइनच्या बाहेर ना?" असं न विचारता तीन आकडे लेखी मागा: लाल रेषेची पातळी, इमारतीच्या जोत्याची पातळी आणि समोरच्या रस्त्याची पातळी. मंजूर नकाशा करणाऱ्या आर्किटेक्टकडे ते असतात. दुसरा आकडा पहिल्याहून निदान ०.४५ मीटरनं जास्त हवा. तिसरा पहिल्याहून कमी असेल, तर मोठ्या पुरात त्या घरातून चालत बाहेर पडता येणार नाही.